केडगावचं १९०५ साल : भावना आणि वचन

आज आपण एकच प्रश्न घेऊ. उपासनेत माणसाला भरून येतं, डोळ्यांत पाणी येतं, अंग थरथरतं. पण तेवढ्यावरून 'देव भेटला' असं म्हणायचं का? हा प्रश्न चर्चमध्ये आजही निघतो. त्याच्या शोधात आपल्याला फार लांब जायला नको, पुणे जिल्ह्यातलं केडगाव पुरे.

१९०४ मध्ये वेल्समध्ये मोठं धार्मिक संजीवन सुरू झालं आणि त्याच्या बातम्या भारतात पोचल्या. १९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये खास प्रार्थनागट सुरू केला. मिशनमधल्या कितीतरी मुली दुष्काळातून आलेल्या. जूनच्या अखेरीस रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या, आणि समोरच्या मुली मोठमोठ्यानं रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या, एकदमच प्रार्थना करू लागल्या. पुढे काहीजणी अन्य भाषांतही बोलू लागल्या.

या गोंगाटावर टीका झाली. रमाबाईंनी मात्र मुलींची बाजू घेतली. भारतीय माणसाला त्याच्या पद्धतीनं प्रार्थना करू द्या, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे बघा, भावना दाबून टाका असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी भार कशावर टाकला?

त्यासाठी आपण थोडं मागे जाऊ. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरचा त्यांचा आणि सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. चर्च सांगतं म्हणून एखादा सिद्धांत मानायला त्या तयार नव्हत्या. शास्त्रात तो कुठे आहे, हे त्या विचारत राहिल्या. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की आधी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर मिळाला. तो आनंद त्या मोकळेपणानं सांगतात. पण तो कशावर उभा आहे हे दाखवताना वचनांमागून वचनं देतात.

आता मुद्द्याचं. संजीवनाची धामधूम चालू होती त्याच काळात रमाबाईंनी बायबलचं नवं मराठी भाषांतर हाती घेतलं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतर त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे, नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला ते कळणार कसं? म्हणून साधी मराठी. छपाईसुद्धा मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातून.

याचा अर्थ काय? आम्हाला असं वाटतं की हा प्रश्न शेवटी अधिकाराचा आहे. अनुभव हाच पुरावा धरला, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. दुसऱ्याच्या मनात काय झालं हे तपासायचं कसं? पण पुस्तक हातात असलं आणि वाचता येत असलं, की एखादी अनाथ मुलगीही शिक्षकाला विचारू शकते, "हे कुठे लिहिलंय?" इंग्लंडमध्ये रमाबाईंनी हेच विचारलं होतं. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुयाच्या लोकांची वाखाणणी आहे तीही याचसाठी. त्यांनी पौलाचं बोलणं उत्सुकतेनं ऐकलं आणि रोज शास्त्र उघडून पडताळलंही.

अर्थात, शास्त्र हाती आलं म्हणून वाद संपत नाहीत. अर्थ लावणारी माणसंच असतात. रमाबाईंचं भाषांतरही सगळ्या मंडळ्यांनी स्वीकारलं नाही, बायबल सोसायटीचंच रूढ राहिलं. पण वाद घालायला दोघांसमोर एकच पान असणं, ही काही लहान गोष्ट नाही.

शेवटी एक तारीख. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. भावनेच्या जोरावर चालणारं काम तिथेच थांबलं असतं. रमाबाई भाषांतराचं काम पुरं करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. १९०५ चा तो हुंदका विरून गेला होता, आणि ज्यावर तो तपासून पाहायचा ते पुस्तक मुलींच्या हातात होतं.