काळा आजारोत्तर त्वचारोग

काळा आजार बरा झाल्यानंतर काही रुग्णांच्या त्वचेवर उद्भवणारा विरळ व चिरकारी रोग. ‘लीशमॅनिया डोनोव्हानी’ या आदिजीवामुळे होणाऱ्या काळ्या आजारात दीर्घकाळ ताप येतो, प्लीहा व यकृत वाढतात आणि उपचाराअभावी बहुधा मृत्यू ओढवतो. विल्यम लीशमन व चार्ल्स डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे पाहिलेल्या या परजीवीची माहिती १९०३ मध्ये प्रसिद्ध झाली. कलकत्त्याच्या कॅम्बेल रुग्णालयात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या सुमारास यूरिया स्टिबामाइन हे अँटिमनीयुक्त औषध तयार केले व त्यामुळे असंख्य रुग्णांचे प्राण वाचले.

ब्रह्मचारी यांनीच १९२२ मध्ये एका अनपेक्षित लक्षणसमूहाचे वर्णन केले. ताप नाहीसा झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर पुरळ व गाठी उद्भवल्या होत्या आणि त्यांत तेच परजीवी आढळले. या रोगात चेहऱ्यावर, विशेषतः तोंडाभोवती, पांढुरके चट्टे वा गाठी दिसतात. त्यामुळे तो कुष्ठरोग समजला जाण्याचा व रुग्णास अकारण सामाजिक बहिष्कार सोसावा लागण्याचा संभव असतो. कुष्ठरोगातील चट्ट्यांची संवेदना सामान्यतः नष्ट होते. येथे ती टिकून राहते, हा निदानातील महत्त्वाचा भेद होय. काही रुग्णांना पूर्वी काळा आजार झाल्याचे आढळत नाही. सुदानमध्ये हा विकार बहुधा लवकर उद्भवून आपोआप बरा होतो. भारतात तो कित्येक वर्षांनीही प्रकट होतो व दीर्घकाळ टिकतो.

डीडीटीच्या फवारणीमुळे भारतातून जवळजवळ नाहीसा झालेला काळा आजार १९७० नंतरच्या दशकात बिहारमध्ये पुन्हा उसळला. दोन साथींच्या मधल्या काळात परजीवी कोठे टिकून राहतो, या प्रश्नाच्या संदर्भात हे त्वचारुग्ण महत्त्वाचे ठरले. पश्चिम बंगालमधील चोवीस परगणा भागातील साथीचा आरंभ अशाच रुग्णापासून झाला असावा, असे अनुमान १९९२ मध्ये मांडण्यात आले. चट्टे व गाठी या दोन्ही प्रकारच्या रुग्णांपासून वाळूमाशीला संसर्ग होऊ शकतो, हे बांगलादेशातील संशोधनातून २०१९ मध्ये दिसून आले.

रुग्णाला सहसा वेदना वा अशक्तपणा नसल्याने तो उपचारांस प्रवृत्त होत नाही. मिल्टेफोसीनचा उपचारही सुमारे १२ आठवडे चालतो. बांगलादेशातील काळ्या आजाराच्या निर्मूलनास जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मान्यता दिली. मात्र असे यश टिकविण्यासाठी तापाच्या रुग्णांबरोबरच वरकरणी निरोगी दिसणाऱ्या या त्वचारुग्णांचा शोध घेणेही आवश्यक असते.