ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये आणि दीर्घायुष्याचा दावा

वार्धक्यावर विजय मिळविण्याची आकांक्षा पुरातन आहे. तिला मुक्त मूलकांच्या रसायनशास्त्राचा आधार लाभला तो १९५६ साली. त्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेनम हार्मन यांनी असे प्रतिपादिले की, ऑक्सिजनाच्या वापरातून शरीरात मुक्त मूलके, म्हणजे अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेले अतिशय क्रियाशील रेणू, निर्माण होतात व पेशींवरील त्यांचे आघात साचत जाऊन वार्धक्य येते. किरणोत्सर्गानेही पेशींची हानी याच मार्गाने होते, हे साम्य त्यांच्या उपपत्तीच्या मुळाशी होते.

यावरून निघणारे अनुमान सरळ दिसत होते. मूलकांना निष्प्रभ करणारी द्रव्ये सेवन केल्यास आयुष्य वाढावे. हार्मन यांच्या प्रयोगांत अशा काही द्रव्यांनी उंदरांचे सरासरी आयुर्मान वाढलेही. परंतु कमाल आयुर्मर्यादा फारशी वाढली नाही. अकाली मृत्यू टळणे आणि वार्धक्याची गती मंदावणे या भिन्न गोष्टी होत.

मानवाविषयीचा पुरावा प्रथम निरीक्षणात्मक होता. फळे व भाज्या अधिक खाणाऱ्यांत कर्करोग कमी आढळे आणि त्याचे श्रेय बीटा-कॅरोटीनाकडे जाई. तथापि अशी माणसे धूम्रपानादी अन्य सवयींतही इतरांहून निराळी असू शकतात. म्हणून चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांवरील प्रयोगच निर्णायक ठरणार होता.

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर असा प्रयोग झाला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्युप्रमाण ८ टक्क्यांनी अधिक भरले. अमेरिकेतील तशाच एका प्रयोगात बीटा-कॅरोटीनासोबत जीवनसत्त्व अ दिले जात होते. तेथेही हानी दिसू लागल्याने १९९६ साली तो मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. २००७ साली बेलाकोविच व सहकाऱ्यांनी ६८ प्रयोगांतील २,३२,६०६ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. त्यांपैकी काटेकोर रीतीने झालेल्या प्रयोगांत बीटा-कॅरोटीन, जीवनसत्त्व अ व जीवनसत्त्व ई यांच्याशी वाढीव मृत्युप्रमाण निगडित आढळले. जीवनसत्त्व क व सेलेनियम यांच्याबाबत आयुर्वृद्धीचा पुरावा मिळाला नाही.

मूलके केवळ घातक नसून पेशींतील संदेशवहनातही सहभागी असतात, हे पुढील संशोधनाने दाखविले आहे. त्यांचा सरसकट निरास हितकर ठरेल, हे गृहीतच मुळात संशयास्पद होय. भाज्यांविषयीची निरीक्षणे याने खोटी ठरत नाहीत. परंतु भाजीचा गुण तिच्यातील एका द्रव्याच्या गोळीस बहाल करणे शास्त्रसंमत नाही.