एकरकमी तडजोड

"संसारात तडजोड करावीच लागते," हे वाक्य मी गेली अठरा वर्षं, लग्नात आहेर मिळालेल्या घड्याळासारखं, दर तासाला वाजवत आलो. परवाही वाजवलं. साकोलीच्या शाळेतल्या नोकरीचा कागद हातात घेऊन ही समोर उभी होती. मी म्हटलं, "अगं, भंडाऱ्याहून रोज साकोली, मुलांचे डबे, माझी बँक... तडजोड करावीच लागते."

"कोणती? १८८८ ची, की आपल्या घरची?"

आमची ही इतिहासात एम. ए. आणि मी बी. कॉम. त्यामुळे भांडणात सनावळ्या तिच्या, आकडे माझे. मला १८८८ म्हणजे खातेक्रमांक वाटला. मग रात्री गुपचूप तिचंच पुस्तक काढून वाचलं.

मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी, एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी झालं. पण त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंचं म्हणणं एवढंच, की अजाण वयातलं लग्न मला बंधनकारक नाही. १८८५ मध्ये न्या. पिन्हींनी दावा फेटाळला. अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.

बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल.

त्यावेळी लोकमान्यांची लेखणी रखमाबाईंच्या विरुद्ध चालली होती. आमच्या आजोबांच्या घरात लोकमान्यांची तसबीर होती, त्यामुळे हे लिहिताना हात जरा अडखळतो. पण खातं लिहायला बसलं की ओळखीच्याचीही नोंद करावी लागते. रखमाबाईही गप्प नव्हत्या. 'ए हिंदू लेडी' या सहीने त्यांची पत्रं १८८५ मध्येच 'टाइम्स ऑफ इंडिया'त आली होती.

शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. आम्ही बँकवाले याला एकरकमी तडजोड म्हणतो. थकबाकीदाराने ठरलेली रक्कम भरायची, आम्ही दावा सोडायचा. फरक एवढाच, की इथे थकबाकी म्हणजे एक जिवंत बाई होती. १८८९ मध्ये ती बाई लंडनला गेली, १८९४ मध्ये डॉक्टर झाली आणि पुढच्या वर्षी सुरतेच्या दवाखान्यात रुजू झाली. दरम्यान, १८९१ मध्ये सरकारने संमतिवय दहाचं बारा केलं. बारा! त्यावरही केवढा गदारोळ झाला.

एक गोष्ट मला उमगेना. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसलं. मी हिला विचारलं, "खातं बंद झाल्यावर हे कशाला?"

"ती तिची मर्जी. कोर्टाची नव्हे."

रखमाबाई १९५५ मध्ये गेल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा आला. त्यात घटस्फोटाची सोय आहे, आणि नांदायला बोलावण्याचं कलम ९ सुद्धा आहे. आता ते नवरा-बायको दोघांनाही लागू.

पुस्तक मिटलं आणि सवयीने घरचा हिशेब मांडला. दुहेरी नोंदीचा नियमच आहे, की एकाच्या नावे पडल्याशिवाय दुसऱ्याच्या जमेला येत नाही. माझी भंडाऱ्याला बदली झाली, हिची नागपूरची नोकरी गेली. माझी परीक्षा, हिचं जागरण. अठरा वर्षांत 'तडजोड' सगळी हिच्या नावे, आणि 'सुखी संसार' माझ्या जमेला! ऑडिटर असता तर घाम फुटला असता.

आमच्या भंडाऱ्याची ख्याती पितळी भांड्यांची. लग्नात सासऱ्यांनी दिलेल्या पितळी गुंडावर नाव माझं कोरलेलं. पैसा त्यांचा, घासणं हिचं.

आता ही सकाळच्या एसटीने साकोलीला जाते. डबे मी भरतो; मुलं ते बरेचदा तसेच परत आणतात. रविवारी गुंड घासणंही माझ्याकडे आलंय. परवा चिंच घेऊन असा काही जोर लावला, की आतून ही ओरडली, "अहो, हळू! नाव पुसलं जाईल."