गैरहजर माणसाची संमती

सभा, ठराव, गणपूर्ती हे शब्द कानी पडले की आपली दृष्टी विलायतेकडे वळते. परंतु २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आठवण करून दिली की, सभेचे हे सारे नियम बौद्ध संघाला ठाऊक होते. आम्ही कामगारांच्या सभा चालविणारी माणसे. त्या नियमांना आमचा एकच प्रश्न आहे : जो सभेला आलाच नाही, त्याचे काय?

विनयपिटकातील महावग्गात ह्याचे उत्तर सापडते. दर पंधरवड्याच्या उपोसथाला, एका सीमेत राहणाऱ्या सर्व भिक्षूंनी एकत्र जमावे असा दंडक होता. आपण तर शुद्धच आहो, मग जावे कशाला, असा विचार राजगृहाजवळ राहणाऱ्या महाकप्पिनाच्या मनात आला. बुद्धांनी त्याला जावयास सांगितले. थोर म्हणून सवलत मिळाली नाही.

आजाऱ्याची गोष्ट निराळी. त्याने आपली परिशुद्धी व छंद, म्हणजे संमती, दुसऱ्या भिक्षूबरोबर पाठवावी. ते जमत नसेल तर त्याला खाटेसकट सभेत आणावे. हलविल्याने दुखणे वाढेल किंवा प्राणावर बेतेल असे वाटल्यास संघानेच त्याच्याकडे जावे. पण अपुऱ्या संघाने कार्य उरकू नये. निरोप नेणाऱ्याने सभेत पोहोचून तो मुद्दाम सांगितला नाही, तर दोष त्या दूताचा. आजाऱ्याची संमती पोहोचली असेच धरीत.

गग्ग नावाच्या वेड लागलेल्या भिक्षूला उपोसथाची कधी आठवण राही, कधी राहत नसे. त्यालाही नुसते वगळले नाही. तो येवो वा न येवो, संघाने कार्य करावे, असा रीतसर ठराव केला.

ठराव मांडताना 'ज्यांना मान्य असेल त्यांनी गप्प राहावे, नसेल त्यांनी बोलावे' असे पुकारीत. महत्त्वाच्या कार्यात हे तीनदा होई. म्हणजे मौन ही संमती खरी, पण ज्याने पुकारा ऐकला त्याचीच. संमती देऊन मागाहून कुरकुर करणे हा अपराध होता, आणि निर्णय चालू असता संमती न देता उठून जाणे हाही. तसेच आरोपीच्या पाठीमागे त्याला दंड देण्यास चुल्लवग्गात मनाई आहे.

ह्या व्यवस्थेत समता पुरी नव्हती. भिक्षुणीला उपसंपदेसाठी दोन्ही संघांची संमती लागे, भिक्षूला एकाचीच पुरे.

तरीही आमच्या सभांनी ह्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. रात्रपाळीला न विचारता झालेला ठराव सकाळी फलकावर 'सर्वानुमते' म्हणून लागतो. खाटेवर पडलेल्या कामगाराची चौकशी एकतर्फी उरकून त्याला कामावरून काढतात. मालकाच्या अन्यायाविरुद्ध आम्ही मोर्चा काढतो. पहिल्या अन्यायाची जबाबदारी मात्र आमची स्वतःची आहे. सभेची वेळ ठरविण्यापूर्वी कोण येऊ शकणार नाही हे विचारावे, आणि त्याच्याकडे माणूस पाठवावा.