पंच अर्ध्यात मैदान सोडतो तेव्हा : मानधनाचा हिशेब कसा करावा?

दिवाळी झाली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडपासून खाली सावंतवाडी-पेडण्यापर्यंत टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. बक्षिसाची रक्कम आणि प्रवेश फी फलकावर मोठ्या अक्षरात असते. पंचाला किती द्यायचे हे मात्र फोनवरच ठरतं. आणि पंच मध्येच जखमी झाला, उशिरा आला किंवा घरून निरोप आला म्हणून निघून गेला तर काय, हे बहुधा कुणीच ठरवलेलं नसतं. मग बक्षीस समारंभ उरकल्यावर मंडपामागे वाद. "तीनच मॅच उभा होता, पूर्ण पैसे कसले?" असं एकीकडून, "बॉल लागला तो काय हौसेनं?" असं दुसरीकडून.

क्रिकेटच्या नियमांत पैशाचा उल्लेख नाही, पण पंच बदलण्याबद्दल दुसरा नियम स्पष्ट आहे. आजारपण, दुखापत किंवा तशीच अपवादात्मक परिस्थिती असल्याशिवाय सामना चालू असताना पंच बदलता येत नाही. बदलावा लागला तर नवा पंच फक्त फलंदाजाच्या टोकाला, म्हणजे स्क्वेअर लेगला उभा राहतो. दोन्ही कर्णधारांनी मान्य केलं तरच तो गोलंदाजाच्या टोकाला येऊ शकतो. याचा अर्थ असा की एक पंच गेला तर उरलेल्यावर अनेकदा दोन्ही टोकांचा भार पडतो. पायचीत, झेल, नो बॉल, षटकातले चेंडू मोजणं, सगळं त्याच्याच डोक्यावर. मानधनाचा विचार करताना गेलेल्या माणसाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, राहिलेल्याकडे कुणाचंच नसतं.

हे किती खरं आहे ते राजकोटला दिसलं. मार्च २०२० मध्ये सौराष्ट्र विरुद्ध बंगाल हा रणजी करंडकाचा अंतिम सामना तिथे झाला. पहिल्याच दिवशी, ९ मार्चला, हैदराबादचे पंच सी. शमशुद्दीन यांना क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू ओटीपोटात लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उभे राहू शकले नाहीत. स्थानिक पंच हजर होते, पण सामन्याला तटस्थ पंच लागतात, त्यामुळे त्यांना स्क्वेअर लेगलाच ठेवलं. के. एन. अनंतपद्मनाभन यांनी पहिल्या सत्रात दोन्ही टोकांकडून पंचगिरी केली. नंतर टीव्ही पंच एस. रवी मैदानात उतरले आणि शमशुद्दीन टीव्हीसमोर बसले. तिसऱ्या दिवसासाठी यशवंत बर्डे यांना मुंबईहून बोलावलं. बर्डे हे गोव्याकडून रणजी खेळलेले, त्यामुळे इकडच्या जुन्या क्रिकेटप्रेमींना ते नाव ओळखीचं आहे.

त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये वानखेडेवर भारत-इंग्लंड कसोटीत पॉल रायफेल यांच्या डोक्याला चेंडू लागला होता. तेव्हा तिसरे पंच मराइस इरॅस्मस मैदानात आले. मोठ्या सामन्यात राखीव माणूस आणि डॉक्टर जवळच असतो. गावच्या मैदानावर राखीव पंच म्हणजे फलंदाजी करणाऱ्या संघातला कुणीतरी, पॅड बांधायचं बाकी असलेला.

वरच्या पातळीवर पैशाचा प्रश्न तुलनेने सोपा होतो, कारण तिथे दर दिवसावर आहे. बीसीसीआयने २०२२ मध्ये पंचांची प्रतवारी केली. त्यात इंदूरच्या नितीन मेनन यांच्यासह दहा जण 'ए प्लस' गटात होते. प्रथम श्रेणी सामन्यासाठी ए प्लस आणि ए गटाला दिवसाला ४०,००० रुपये, बी आणि सी गटाला ३०,००० रुपये असा दर तेव्हा सांगितला गेला. तिसऱ्या दिवशी पंच बदलला तर दोन दिवस याचे, पुढचे त्याचे, असं मांडता येतं. एकच दिवस दोघांत फाटला तरच पेच. आपल्याकडे तर अख्खी स्पर्धा दोन दिवसांत संपते, त्यामुळे पेच रोजचाच.

कायदा काय म्हणतो? बी.कॉम.ला ज्यांनी भारतीय करार कायदा १८७२ घोकला असेल त्यांना कलम ६५ आठवेल. त्याखालच्या उदाहरणांत एक गायिका आहे. दोन महिने, आठवड्यातून दोन रात्री, रात्रीला शंभर रुपये असा नाट्यगृहाशी तिचा करार. सहाव्या रात्री ती मुद्दाम गैरहजर राहते आणि व्यवस्थापक करार मोडतो. तरीही गायलेल्या पाच रात्रींचे पैसे त्याने द्यायचेच. दुसरं उदाहरण एका मैफलीचं. हजार रुपये आगाऊ घेतले, पण गाणारी आजारी पडली. तिला आयोजकाच्या बुडालेल्या नफ्याची भरपाई द्यावी लागत नाही, पण ते हजार रुपये परत करावे लागतात. महाराष्ट्र असो, कर्नाटक असो की गोवा, कायदा हाच.

म्हणजे स्वतःच्या चुकीने गेलेल्या पंचालाही केलेल्या कामाचे पैसे मिळतात. "अर्ध्यात गेलास, आता एक रुपया नाही" ही भाषा कायद्यात बसत नाही. उलट घरी तापाने पडलेला पंच न केलेल्या कामाचे पैसे मागू शकत नाही. या दोन उदाहरणांत न बसणारा तिसरा माणूस म्हणजे काम करताना, त्या कामामुळेच जखमी झालेला. त्याला तापकऱ्याच्या रांगेत उभं करणं अन्यायाचं आहे. त्याने सामना चुकवला नाही, सामन्यानेच त्याला बाहेर काढलं.

आकड्यांत बघू. समजा दिवसाला आठ सामने, दोन पंच, प्रत्येकी १,२०० रुपये, म्हणजे सामन्याला १५०. एक पंच तीन सामने करून घरच्या कामाला गेला. त्याचे ४५० झाले, ७५० उरले. चौथा सामना जोडीदाराने एकट्याने काढला, पाचव्यापासून दुसरा पंच आला. उरलेल्यातले १५० जोडीदाराला आणि ६०० नव्या पंचाला द्यावेत. आयोजकाचा खर्च एक रुपयाने वाढत नाही. अनेक ठिकाणी होतं ते असं, की पंचाचे पैसे कापले जातात, दुसऱ्याला जास्त काही मिळत नाही आणि ७५० रुपये मंडळाच्या खिशात राहतात. दोघांचं काम एकाने केलं आणि बचत तिसऱ्याची.

तोच पंच बॉल लागून बाहेर गेला असेल तर त्याला पूर्ण १,२०० द्यावेत, औषधपाण्याचं वेगळं. तेव्हा मंडळावर ७५० रुपयांचा जादा भार येतो. बऱ्याच स्पर्धांत एका संघाची प्रवेश फीच त्याहून जास्त असते.

उशिरा येणाऱ्याला मात्र फार सवलत नको. नियमाप्रमाणे पंचांनी खेळ सुरू होण्याच्या किमान ४५ मिनिटं आधी मैदानावर पोचायचं असतं. चुकलेल्या सामन्यांचे पैसे कापणं योग्यच, पण प्रवासखर्च कापू नये. एसटी बंद पडली तरी तिकीट काढलेलंच असतं. पाऊस आला, खेळ थांबला, तर पूर्ण पैसे द्यावेत, कारण पंच तिथे बसलेला असतो आणि तो दिवस त्याने दुसऱ्या कुणाला दिलेला नसतो.

कबड्डीत भानगड कमी. एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असा ताफा असतो, पुरुषांचा सामना २०-२० मिनिटांच्या दोन डावांचा. रात्रीच्या स्पर्धेला पंचांची फळीच बोलावलेली असते, एक उठला की दुसरा बसतो. त्यामुळे तिथे रात्रीचा ठरावीक दर आणि जेवण-प्रवास वेगळा, ही पद्धत बरी चालते.

'मानधन' या शब्दानेही घोळ केला आहे. मान म्हणून दिलेलं धन म्हटलं की मागायला संकोच आणि कापायला सोपं. आयकर खातं मात्र असं मानत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४जे साठी २००८ मध्ये निघालेल्या अधिसूचनेत पंच आणि रेफरी यांची नावं खेळाडू, प्रशिक्षकांबरोबरच व्यावसायिक म्हणून आली. त्यामुळे मोठ्या संघटना त्यांच्या फीमधून १० टक्के टीडीएस कापतात. गावच्या स्पर्धेतली रक्कम सहसा त्या मर्यादेच्या खालीच राहते, पण ती फी आहे, बक्षिसी नव्हे.

हे सगळं टाळायला वकील लागत नाही. व्हॉट्सअॅपवर स्पर्धेच्या आधी चार ओळी पाठवल्या तरी पुरे : दिवसाचा दर आणि दिवसातले सामने, प्रवासखर्च वेगळा की धरून, मैदानावर दुखापत झाल्यास पूर्ण रक्कम, आणि एकट्याने काढलेल्या सामन्याला जोडीदाराचा वाटा. पैसे देताना व्हाउचरवर प्रत्येक पंचाने किती सामने केले ते लिहून सही घ्यावी. जखमी पंच दवाखान्यात असेल तर त्याची रक्कम जोडीदाराच्या हाती न देता थेट त्याच्याच खात्यावर टाकावी, आणि तीही त्याच संध्याकाळी.