संत्र्याची साल आणि जोड्याची झिलई

भोपाळच्या जुन्या शहरात, चौकाच्या आसपास, हिवाळ्यात नागपुरी संत्र्यांच्या राशी लागतात आणि संध्याकाळी त्यांच्या साली उकिरड्यावर जातात. या सालींपासून घरच्या घरी जोड्याचे पॉलिश होईल असे कोणी म्हटले, तर ती नव्या काळाची हौस वाटेल. वस्तुतः फळाचा आणि चामड्याचा संबंध फार जुना आहे, आणि त्याच्या खुणा मध्य भारताच्या अरण्यांतच सापडतात.

ही अरण्ये हिरड्याची. हिरड्याच्या गरात टॅनिन विपुल असते, आणि त्यानेच कच्चे कातडे टिकाऊ होते. कोल्हापुरी चपलेचे कातडे हिरड्यात व बाभळीच्या सालीत कमावण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. 1870 साली मुंबई ते जबलपूर हा लोहमार्ग जोडला गेला. विलायतेच्या बाजारात हिरड्याच्या प्रती 'जबलपूर', 'भिमली', 'वेंगुर्ला' अशा गावांच्या नावांनी ओळखल्या जात. कोकणातील एका लहानशा बंदराचे नाव परदेशी कातडेवाल्यांच्या तोंडी असावे, ही मोठी मौजेची गोष्ट होय.

टॅनिनला लोह भेटले की काळा रंग उमटतो. हिरडा व हिराकस यांची जुनी शाई याच गुणाने होई, आणि चामडे काळे करण्याची जुनी रीतही हीच. डाळिंबाची साल, जी खरोखरच टाकाऊ, तीही हे काम करते. मात्र लोह अधिक झाले तर चामडे तडकते. म्हणून प्रमाण जाणावे लागे आणि मागाहून तेल मुरवावे लागे. हे सारे हाताने शिकण्याचे ज्ञान होते.

पण रंग म्हणजे झिलई नव्हे. इंग्लंडात हाडांचा कोळसा, काकवी आणि शिरका यांचे काळे रोगण चाले. 1824 साली बारा वर्षांचा चार्ल्स डिकन्स लंडनच्या अशाच एका कारखान्यात बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवीत असे. पुढे 1906 साली मेलबर्नला विल्यम रॅमसेने मेणाची 'किवी' डबी काढली, आणि पहिल्या महायुद्धात ती सैनिकांच्या बुटांबरोबर जगभर गेली. डबी आली तशी हिरडा, लोह आणि तेल यांचे प्रमाण जाणणारा कारागीर स्टेशनावर ब्रश घेऊन बसणारा माणूस झाला. ज्याच्या कामावाचून गावाचे अडे, त्यालाच गावाने वेशीबाहेर ठेवले होते. व्यापाराच्या बोलीत बंदरांची नावे राहिली, त्याचे राहिले नाही.

आता संत्र्याकडे वळू. साल दाबताच डोळ्यांत उडणारा झोंबरा फवारा हे तेलच असते, आणि टर्पेंटाइनप्रमाणे ते मेण विरघळवते. मधमाश्यांचे मेण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावे, विस्तवापासून दूर नेऊन त्यात हे तेल मिसळावे, कारण ते पेट घेते. वाळवून जाळलेल्या सालींचा कोळसा वस्त्रगाळ करून घातला की काळेपणा येतो. केळीच्या सालीची कीर्ती मात्र थोडी फुगलेली आहे. ती धूळ पुसते, घटकाभर चमक देते, पण पाण्यापासून जोडा राखीत नाही. संत्र्याचीही एक अडचण आहे: सालीत तेल थोडेच असते, आणि एका लहान डबीसाठी डझनावारी साली पिळाव्या लागतात.