सिंदखेडच्या जाधवरावांचें समाधिस्थान व त्याखालचें देऊळ

घराण्यांचा इतिहास दप्तरांत शोधण्याची आम्हां संशोधकांस संवय जडून गेली आहे. सनद, महजर, निवाडपत्र किंवा वतनाची यादी हातीं आली म्हणजे काम झालें असें वाटतें. परंतु त्याच घराण्याचे पुरुष जेथें चिरविश्रांति घेत आहेत ती जागा पायीं चालून पाहणारा विरळा. आमच्या मुरुड, तेर, औसा, निलंगा या टापूंतील कोणत्याहि शिवारांत हिंडावें, एखादा वीरगळ बांधाला टेकून पडलेला, एखादी सतीशिळा शेंदराखालीं दडलेली, एखादी छत्री पिंपळाच्या मुळांनीं फोडलेली दृष्टीस पडते. अशा दगडांवर अक्षर बहुधा नसतें. त्यामुळें ज्याचें नांव गांवकऱ्यांच्या तोंडून गेलें, तो दगड कायमचा मुका झाला. या दृष्टीनें सिंदखेड राजा येथील जाधवरावांच्या समाधिस्थानाची हकीकत मननीय आहे.

लखुजी जाधवराव हे सिंदखेडचे देशमुख, निजामशाहींतील मातब्बर सरदार आणि जिजाऊसाहेबांचे वडील. देवगिरीच्या यादवांपासून आपली उत्पत्ति हें घराणें सांगत आलें आहे. मध्यंतरीं ते मोगलांकडे गेले व पुनः निजामशाहींत परतले; परंतु निजामशहाच्या मनांतील किंतु गेला नाहीं. शके १५५१, शुक्ल संवत्सर, श्रावण शुद्ध पौर्णिमा, म्हणजे इ. स. १६२९ च्या जुलईची २५ वी तारीख, या दिवशीं दौलताबादेच्या किल्ल्यांत लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांस दग्यानें मारण्यांत आलें. जेधे शकावलींत ही नोंद आहे, आणि अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशाहनाम्यांतहि हें प्रकरण आलें आहे. यादवांचा वंशज म्हणविणारा पुरुष यादवांच्याच राजधानीच्या गडावर मारला जावा, हा दैवाचा विलक्षण खेळ होय. मागें उरलेले जाधव मोगलांस मिळाले. शहाजीराजेहि १६३० च्या अखेरीस तिकडे गेले. एका दरबारी खुनानें निजामशाहीचा कणा मोडला, असें म्हणण्यांत अतिशयोक्ति नाहीं.

या चौघांच्या स्मरणार्थ सिंदखेडास जी छत्री उभी आहे ती आकारानें इतकी भव्य आहे कीं, दुरून पाहणारास एखाद्या सुलतानाच्या मकबऱ्याचा भास व्हावा. घुमटाची धाटणी सरळ दक्षिणी मुसलमानी आहे. यांत नवल नाहीं. ज्या दरबारांत सरदार वावरला त्याच दरबाराचे गवंडी व त्याच दरबाराची रुचि. आजूबाजूस घराण्यांतील इतरांच्या लहान छत्र्या आहेत. १२ जानेवारीस जिजाऊंच्या जन्मदिनीं येथें अफाट समुदाय लोटतो. तो वाड्याकडे जातो, आणि समाधीकडे वळणारे त्या मानानें थोडे.

या छत्रीच्या जीर्णोद्धाराचें काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळानें चालविलें असतां, इ. स. २०२४ च्या उन्हाळ्यांत, जवळच कांहीं घडीव दगड उघडे पडले. त्यांचा माग घेत खणत जातां एका देवळाचा पाया लागला. पुढें सभामंडप मोकळा झाला. सुमारें २.२५ मीटर खोलीवर प्रथम लक्ष्मीची मूर्ति दिसली आणि नंतर शेषशायी विष्णूची अखंड शिळा वर आली. विष्णु शेषावर पहुडलेले असून लक्ष्मी त्यांचे चरण चुरीत आहे. लांबी १.७० मीटर, उंची एक मीटर, बैठकीची रुंदी ३० सेंटीमीटर. पीठावर समुद्रमंथनाचा देखावा कोरलेला असून त्यांत अश्व व ऐरावत ओळखूं येतात. दशावतारहि कोरलेले आहेत.

आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो या मूर्तीचा दगड. आमच्या प्रदेशाचा सहज मिळणारा पाषाण म्हणजे काळवथर. तो कठीण, छिन्नीस दाद न देणारा. सिंदखेडची ही मूर्ति मात्र क्लोराइट शिस्ट जातीच्या मऊ दगडाची आहे. हा दगड होयसळांच्या शिल्पकारांचा आवडता. खाणींतून निघाला म्हणजे लोण्यासारखा कोरला जातो व नंतर उन्हावाऱ्यानें कठीण होतो. म्हणून तज्ज्ञांनीं दक्षिणेच्या शिल्पपरंपरेकडे बोट दाखविलें तें योग्यच. यादव व होयसळ यांच्या लढायांचीं वर्णनें आपण शिलालेखांतून वाचीत आलों. लढायांबरोबर दगड, कारागीर व कल्पना यांचीहि ये-जा होत असे, याचा हा डोळ्यांनीं दिसणारा पुरावा.

आतां प्रश्न उभा राहतो तो असा कीं, एकाच जागेंत दोन काळ एकावर एक असतां जीर्णोद्धार कोणाचा करावयाचा? देऊळ जुनें म्हणून छत्री गौण ठरवावी, किंवा छत्री वीरपुरुषाची म्हणून खड्डा बुजवावा, हीं दोन्हीं मतें आम्हांस मान्य नाहींत. रायगडच्या महाराजांच्या समाधीचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. १८८३ सालीं डग्लस यानें आपल्या मुंबईवरील ग्रंथांत तिच्या दुर्दशेविषयीं लिहिलें, १८९५ पासून टिळकांनीं चळवळ चालविली, आणि प्रत्यक्ष बांधकाम १९२६ सालीं पुरें झालें. पण त्या कामांत जुना भाग कोठें संपतो व नवा कोठें लागतो हें आज पाहणारास सहज कळत नाहीं. सिंदखेडास तसें होऊं नये. निघालेला प्रत्येक दगड, त्याची जागा व खोली यांचें टिपण छापून प्रसिद्ध व्हावें, आणि मूर्ति तिच्या जन्मगांवींच सुरक्षित रहावी. तेरचें उदाहरण आमच्या शेजारचेंच आहे: रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गोळा केलेल्या वस्तु तेथल्या तेथें संग्रहालयांत राहिल्या, म्हणूनच त्यांचा त्या मातीशीं संबंध आजहि वाचतां येतो.

राहिला कागदांचा भाग. समाधीच्या दिवाबत्तीस, पूजेस व पुण्यतिथीच्या अन्नसंतर्पणास जमीन नेमून देण्याची रीत होती. तीं नेमणूकपत्रें पुजाऱ्यांच्या, गुरवांच्या व कुळकर्ण्यांच्या घरांत सांपडण्याचा संभव अधिक. मोठ्या सरदारी दप्तरांत तीं क्वचितच असावयाचीं. ज्या संग्राहकांपाशीं सिंदखेड, मेहकर, जालना या परगण्यांतील रुमाल आहेत त्यांनीं ते या एका दृष्टीनें पुनः चाळावे: कोणत्या शेताच्या चतुःसीमेंत ‘छत्री’, ‘समाध’ किंवा ‘वृंदावन’ हे शब्द येतात, आणि दिवाबत्तीचा खर्च कोणाच्या नांवें पडतो, एवढेंच पाहावें. असा एक उल्लेख मिळाला तरी भोंवतालच्या अनामिक छत्र्यांपैकीं एखादीस तिचें नांव परत देतां येईल.